दुसऱ्या गिअरचं औषध

गिअरच्या दांड्यावर नुसता तळहात ठेवला की आत पेटीत काय दुखतंय ते मला कळतं. ही बढाई नाही. आमच्या मोदेनाच्या टापूत, जिथे शर्यतीच्या गाड्या बनतात, प्रत्येक पुरुषाला ते कळतं. काहींना तर शेजाऱ्याच्या गाडीचंही कळतं, आणि तेही शेजाऱ्याने विचारलेलं नसताना. तेव्हा पुढची हकीकत वाचून माझ्याबद्दल काय मत करून घ्यायचं ते घ्या. गावाने करून घेतलंच आहे.

माझी गाडी एकोणसत्तर सालची. लाल, दोन माणसांची, छप्पर मागे पडणारी. माझी मुलगी मिलेना जन्मली त्या वर्षी मी ती जुनी विकत घेतली. त्याच वर्षी माझ्या बायकोने, नीवेसने, माळ्यावर सिरक्याची, म्हणजे द्राक्षाचा रस आटवून मुरवलेल्या गोड-आंबट व्हिनेगरची, पाच पिंपं मांडली. मुलगी झाली की तिच्या नावाने पिंपं मांडायची आणि तिच्या लग्नात तो सिरका काढायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. एकोणतीस वर्षं नीवेस त्या पिंपांची निगा राखत आली आणि मी गाडीची. दोन्ही मिलेनासाठीच. फरक एवढाच, की पिंपं बिघडली नाहीत.

गाडीचं दुखणं दुसऱ्या गिअरचं. पहिला पडायचा, तिसरा पडायचा, दुसरा टाकायला गेलं की आतून कर्रकन आवाज यायचा आणि रस्त्यावरचे लोक माझ्याकडे असे बघायचे, जणू मी कुणाला तरी मारलंय. क्लच दोनदा दाबायच्या जुन्या युक्तीने बरीच वर्षं भागवलं. यंदा तीही चालेना. शहरातल्या मेकॅनिकने सांगितलं, आतली पितळी कडी झिजली आहे, पेटी उतरवावी लागेल, तीन आठवडे लागतील. माझ्याकडे पाच दिवस होते. शनिवारी मिलेनाचं लग्न होतं.

लग्न टेकडीवरच्या सान रोक्कोच्या चर्चमध्ये. वर जायला सात वळणं, सातही केसातल्या पिनेसारखी. पहिल्या गिअरमध्ये इंजिन बोंबलतं, तिसऱ्यात धापा टाकून मरतं. ती टेकडी दुसऱ्या गिअरचीच आहे. आणि नवरीला तिच्या बापाने त्या टेकडीवर न्यायचं, हे मी तिला पाळण्यात असताना कबूल केलं होतं. तिने ऐकलं की नाही माहीत नाही, मी मात्र ऐकलं होतं.

मध्ये आले आमचे व्याही, आमिल्कारे पेद्रात्सी. सरकारने त्यांना कसलासा मान दिलाय, म्हणून सगळा गाव त्यांना ‘कावालिएरे’ म्हणतो. ते सिरक्याचे परीक्षक आहेत. चिनी मातीच्या चमच्यातून एक थेंब जिभेवर घेतात आणि पिंपाचं लाकूड, वय आणि मालकाची लायकी सांगतात. त्यांच्याकडे काळी, लांबलचक जर्मन गाडी आहे.

“लोरिस, तुम्ही त्रास करून घेऊ नका,” ते मला म्हणाले. “मिलेनाला माझ्या गाडीतून नेऊ. त्या गाडीला गिअरचा दांडाच नाही. आपोआप बदलतात.”

आपोआप! मोदेनात उभं राहून माणूस हे बोलला. मी नीवेसकडे पाहिलं. तिला हे वाक्य अजिबात झोंबलं नव्हतं, उलट बरं वाटलेलं दिसत होतं.

“शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तुझा दुसरा गिअर आवाज न करता पडला,” ती नंतर म्हणाली, “तर तुझी गाडी. नाही तर कावालिएरेंची. माझ्या मुलीच्या लग्नाला पत्रा कापल्याचा आवाज मला नकोय.”

मग मी काय केलं असेल? आमच्याकडे पुरुष करतात तेच. बारमध्ये गेलो.

आमच्या बारमध्ये सकाळी दहाला नऊ पेन्शनर असतात आणि त्या नवांपैकी प्रत्येक जण तरुणपणी शर्यतीच्या गाड्यांच्या ‘त्या’ कारखान्यात होता. साऱ्या जिल्ह्यातले असे लोक मोजले तर कारखान्यात उभं राहायलाही जागा उरली नसती, मग गाड्या कधी बनवल्या कोण जाणे. मी दुखणं सांगितलं. नऊ निदानं झाली. क्लचची तार, क्लचची थाळी, तेल जाड, तेल पातळ, हवामान, मी. दोघांचं तिथेच भांडण झालं आणि एकाने दुसऱ्याला, तू कारखान्यात होतास खरा, पण स्वयंपाकघरात, असं सुनावलं.

वेर्थर मात्र गप्प बसला होता. तो एक्याऐंशीचा आहे आणि गप्प बसतो, म्हणून त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास. तो उठला, बारमधला झाडू घेतला, बाहेर येऊन झाडूच्या दांड्याचं एक टोक माझ्या गिअरपेटीला आणि दुसरं कानाला लावलं.

“गिअर टाक,” तो म्हणाला.

मी टाकला. कर्रकन आवाज झाला. त्याने डोळे मिटले.

“पोरा, हिला तहान लागली आहे. शर्यतीच्या गाड्यांना आम्ही एरंडेल द्यायचो. शुद्ध एरंडेल, त्यात चिमूटभर काळी ग्रॅफाइटची पूड. आहे त्या तेलात वरून पाव लिटर घाल. सकाळी एकदा. लोण्यासारखी चालेल.”

“उपाशीपोटी का?” कुणीतरी विचारलं. पण मी हसलो नाही. बुडत्या माणसाला हसायला वेळ नसतो.

एरंडेल मिळतं औषधांच्या दुकानात. तिथे क्लोरिंदा असते. तिला गावातल्या प्रत्येक पोटाची माहिती आहे.

“पाव लिटर?” तिने चष्मा खाली केला. “लोरिस, एका माणसाला दोन चमचे पुरतात. काळ्या सदऱ्यांच्या फॅसिस्ट राजवटीत विरोधकांना पाजायचे, त्यानंतर एवढं एकदम कुणी मागितलं नाही. कुणासाठी आहे?”

“गाडीसाठी.”

“असं,” ती म्हणाली आणि बाटली कागदात गुंडाळताना तिने दुकानातल्या इतर दोन बायकांकडे एकदा पाहून घेतलं. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी वेर्थरने त्यात आपली पूड घोटली आणि ते काळं, दाट, चमकदार प्रकरण एका छोट्या बाटलीत भरून दिलं. लांब मानेची, बुचाची, पाव लिटरची बाटली. आम्ही घरगुती अक्रोडाची दारू भरतो तसली. अशा बाटल्या आमच्याकडे घरोघर पन्नास असतात आणि एकीवरही चिठ्ठी नसते. चिठ्ठी लावलेली वस्तू दुकानातली, म्हणजे संशयास्पद. घरच्या वस्तूला नाव कशाला लागतं? घरच्यांना माहीत असतं की.

वेर्थर म्हणाला होता, घालायच्या आधी तासभर गारव्याला ठेव. स्वयंपाकघरात गार जागा एकच, खिडकीखालचा संगमरवरी ओटा. तिथे नीवेसने आधीच एक बाटली ठेवली होती. सकाळीच ती माळ्यावर जाऊन सगळ्यात लहान पिंपातून मिलेनाचा सिरका काढून आली होती. पाव लिटर. काळा, दाट, चमकदार.

“डावीकडची माझी,” ती चुलीपाशी उभी राहून म्हणाली. “हात लावू नकोस. दुपारी व्याही जेवायला येतायत.”

“बरं,” मी म्हणालो.

चूक कुणाची यावर आम्ही अजून भांडतो. चुलीपाशी उभं राहिलं तर तिची बाटली डावीकडे होती. मी तासाभराने अंगणातल्या दाराने आत आलो. त्या दारातून डावी म्हणजे दुसरीच; ती तिची समजून सोडली आणि उजवी उचलली. मी जमीन मोजणारा माणूस, नगरपालिकेत तीस वर्षं नकाशे काढले. नकाशावर उत्तर दिशा कुठे ते आधी लिहितात, हे माझं म्हणणं. बाटली उचलण्याआधी वास घेतात, हे तिचं.

मी वास घेतला नाही. गिअरच्या दांड्याभोवतीचं कातडं सोडवलं, नरसाळं लावलं आणि एकोणतीस वर्षांचा सिरका शेवटच्या थेंबापर्यंत गिअरपेटीत ओतला. मग गाडी बाहेर काढली. पहिला टाकला. क्लच दाबला, श्वास रोखला आणि दुसरा टाकला.

आवाज नाही. दांडा आपणहून गेल्यासारखा गेला. मी परत पहिल्यावर आलो, परत दुसरा टाकला. दूधवाल्याच्या गोठ्यापर्यंत जाऊन आलो, चौदा वेळा दुसरा टाकला. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. बारसमोरून जाताना मुद्दाम तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आलो. नऊ पेन्शनर उठून उभे राहिले.

जेवायला कावालिएरे आणि विहीणबाई आल्या. रश्श्यातल्या तोर्तेल्लीनीचं, म्हणजे सारण भरलेल्या पिठाच्या वळ्यांचं, जेवण छान झालं. मी गिअरची गोष्ट तीनदा सांगितली. मग नीवेस उठली, ओट्यावरची बाटली आणली, कावालिएरेंच्या समोर ठेवली आणि पदराला हात पुसावे तसे अॅप्रनला हात पुसत उभी राहिली. एकोणतीस वर्षांत तिने तो सिरका कुणाला चाखायला दिला नव्हता. मलाही नाही. उद्या मिलेना त्यांच्या घरची होणार, आणि हा माणूस आज पिंपांना काय म्हणतो त्यावर नीवेसचं सगळं आईपण टांगलेलं होतं.

कावालिएरेंनी मेणबत्ती मागवली. बाटलीमागे धरून रंग पाहिला.

“काळा. अगदी काळा,” ते म्हणाले. “आणि दाटपणा असा, की बाटलीच्या काचेला सोडत नाही.”

नीवेसने माझा खांदा घट्ट धरला.

त्यांनी खिशातून स्वतःचा चमचा काढला, भरला आणि तोंडात घेतला. कपाळावर एक शीर उमटली, मग मावळली.

“शांत सिरका आहे,” ते शेवटी म्हणाले. “आंबटपणा पुढे पुढे करत नाही. किंबहुना... दिसतच नाही. मागून लोखंडाची आठवण येते.”

“पिंपांचे पट्टे लोखंडाचे आहेत,” नीवेस घाईने म्हणाली.

“तेच ते.” त्यांनी दुसरा चमचा घेतला. मग चीजच्या तुकड्यावर तिसरा. विहीणबाईंनी हात पुढे केला तेव्हा त्यांनी तो हळूच बाजूला सारला. “तुझं पित्त,” ते म्हणाले. “चारशेपैकी दोनशे सत्तर गुण. पहिल्या पिंपाला खूप झाले.”

नीवेसला तीनशेची आशा होती. तरी ती त्यांना दारापर्यंत हसत पोचवायला गेली. परत आल्यावर तिने पावाचा तुकडा कावालिएरेंच्या चीजच्या बशीत फिरवला आणि तोंडात टाकला.

एवढी शांत मी तिला कधी पाहिली नव्हती.

“लोरिस,” ती म्हणाली, “गाडीत तू काय ओतलंस?”

मी अंगणात गेलो. गिअरच्या दांड्याशी कातड्याच्या कडेला एक काळा ओघळ सुकला होता. बोट लावून चाटलं. गोड, आंबट, चेरीच्या लाकडाचा वास, आणि तोंडात रेंगाळणारं असं काहीतरी, की मी गाडीच्या दारात बसलो आणि रडलो. माझ्या बायकोने एकोणतीस वर्षं काय केलं ते मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. आणि ते माझ्या गिअरपेटीत होतं.

नीवेस मागोमाग पातेलं घेऊन आली.

“खालचं बूच काढ. मी गाळून घेते.”

“नीवेस, आत पाच वर्षांचं जुनं तेल आहे.”

ती पातेलं उराशी धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, “कावालिएरेंना फोन कर. आत्ता. तीन चमचे प्यायलेत ते.”

मी फोन केला. विहीणबाईंनी घेतला. कावालिएरे फोनवर येऊ शकत नाहीत, त्या म्हणाल्या. घरी पोचल्यापासून ते येऊ शकत नाहीत. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडून त्यांना कुणीतरी कळवळून हाक मारली आणि फोन बंद झाला.

चारपर्यंत गावात बातमी पोचली. क्लोरिंदाने दोन आणि दोन चार केले होते. लोरिसने बुधवारी पाव लिटर एरंडेल नेलं, शुक्रवारी व्याह्यांना जेवायला बोलावलं, शनिवारी नवरीची गाडी चालवायला व्याही उभे राहू शकत नाहीत. मी बारमध्ये खरं सांगायला गेलो.

“अरे, बाटल्यांची अदलाबदल झाली,” मी म्हणालो.

“झाली, झाली,” नऊ जण म्हणाले आणि माझ्यापुढे माझी कॉफी आली, न मागता.

“तू राजकारणात पडायला हवं होतंस,” एक जण म्हणाला. वेर्थरने माझा हात हातात घेतला. “गाडी ती गाडीच, पोरा,” तो म्हणाला. “पण एवढं टोक मीही गाठलं नसतं.”

मिलेना संध्याकाळी आली ती डोळे लाल करून.

“बाबा, एदगारच्या वडिलांना तू जुलाब दिलास?”

“चुकून.”

“सगळा गाव म्हणतोय गाडीसाठी दिलास.”

“मिलेना, मी सांगतो ना, डावी बाजू...”

“उद्या त्यांच्यासमोर मी कुठल्या तोंडाने उभी राहू?” ती म्हणाली. त्यावर मला नकाशा काढून दाखवावासा वाटला नाही. लाज वाटली. गाडीची सगळी हौस त्या एका वाक्यात उतरली, पण आता दुसरी गाडी नव्हती. काळ्या जर्मन गाडीची किल्ली कावालिएरेंच्या खिशात होती आणि कावालिएरे दाराआड होते.

शनिवारी सकाळी मिलेना माझ्या शेजारी बसली. घागऱ्याचा घोळ इतका, की मला तिचं फक्त नाक दिसत होतं. मागे पाहुण्यांच्या गाड्या. पहिल्या वळणावर दुसरा टाकला. नुसता गेला. दुसऱ्या वळणावरही. मिलेनाने माझ्याकडे पाहिलं.

“आवाज नाही आला,” ती म्हणाली.

“नाही आला,” मी म्हणालो.

तिसऱ्या वळणावर वास सुटला. पाक कढईला लागतो तसा. चौथ्यावर मागच्या गाड्यांमधले लोक माना बाहेर काढून हुंगायला लागले.

“बाबा, कसला वास?”

“तुझ्या आईच्या पिंपांचा,” मी म्हणालो. आता काय लपवायचं होतं?

पाचव्या वळणानंतर सपाट रस्ता लागतो. तिथे मी तिसरा टाकायला गेलो. दांडा हलला नाही. मागे ओढला, पुढे रेटला, दोन्ही हातांनी धरला. आतला साखरेचा पाक पक्का गोळीबंद झाला होता. ज्या दुसऱ्या गिअरसाठी मी वर्षानुवर्षं देव पाण्यात ठेवले, तो आता सोडायला तयार नव्हता. आम्ही सपाट रस्त्यावर दुसऱ्यातच बोंबलत गेलो आणि सहावं, सातवं वळणही दुसऱ्यातच चढून सान रोक्कोच्या पायऱ्यांपाशी पोचलो. इंजिन बंद केलं. मिलेना हसत होती का रडत होती, ते तोंडावरच्या जाळीतून कळेना. उतरण्याआधी तिने माझ्या गालाची पापी घेतली, एवढं खरं.

पायऱ्यांशेजारी खुर्ची टाकून कावालिएरे बसले होते. चेहरा मेणासारखा. त्यांच्या मेहुण्याने त्यांना काळ्या गाडीतून आणलं होतं, मधे दोनदा थांबून. मी सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

“कावालिएरे, तो सिरका नव्हता. एरंडेल होतं. गिअरचं औषध. माझी चूक झाली. गावात काहीही म्हणू द्या, मी मुद्दाम केलं नाही.”

त्यांनी मला जवळ वाकायला सांगितलं.

“पहिल्या चमच्यातच कळलं,” ते कुजबुजले. “चाळीस वर्षं जीभ चालवतोय मी.”

“मग दुसरा का घेतलात?”

“नीवेसबाई तिथे हात पुसत उभ्या होत्या. लेकीच्या पिंपाची पहिली बाटली. मला वाटलं, बिचारीचं सगळंच बिघडलंय. तोंडावर सांगू कसं? संशय नको म्हणून दुसरा घेतला. तिसरा घेतल्यावर मात्र मला वाटलं, चांगुलपणालाही काही मर्यादा असावी.”

मी आठवडाभर या माणसाला मनातल्या मनात आखडू, आयतोबा आणि बिनगिअरचा म्हणत होतो. मला त्यांच्याकडे बघवेना. मी त्यांना हात देऊन आत नेलं आणि शेवटच्या बाकावर, दारालगत, शेजारी बसलो. मिलेनाला वेदीपर्यंत पोचवायला उठलो तेवढाच.

लग्न लागलं. तांदूळ उडाले. बाहेर आल्यावर नव्या जोडप्याने लाल गाडीकडे पाहिलं. दांड्याच्या कातड्यातून काळा चिकट फेस आला होता आणि त्यावर मधमाश्या बसल्या होत्या. मिलेनाने एदगारकडे पाहिलं, एदगारने मामाकडे किल्लीसाठी हात पुढे केला, आणि ती दोघं काळ्या गाडीत बसून, एकही गिअर न बदलता, डोळ्यांसमोरून खाली निघून गेली. पाठोपाठ सगळे पाहुणे. नीवेस विहीणबाईंबरोबर बसून गेली, माझ्याकडे न बघता.

चर्चच्या पायऱ्यांवर उरलो मी आणि कावालिएरे.

“बसा,” मी म्हणालो. “मी सोडतो. उतारच आहे.”

ते बसले. आम्ही निघालो. पहिलं वळण छान गेलं. दुसऱ्या वळणाआधी ते एकदम ताठ झाले आणि दोन्ही हातांनी दार धरलं.

“लोरिस, जरा वेगाने घेता का?”

“नाही घेता येत.”

“तिसरा टाका.”

“तिसरा नाही, कावालिएरे. दुसराच आहे.”

त्यांनी डोळे मिटले. घाम मिशीपर्यंत आला होता. पुढे सहा वळणं होती, मेजवानीचं हॉटेल खाली नदीकाठी, आणि आमची गाडी आपल्या ठरलेल्या चालीने, कुठेही धक्का न देता, रमतगमत उतरत होती.

“पण आवाज बघा,” मी म्हणालो, काहीतरी बोलायचं म्हणून. “अजिबात नाही.”